शेजारणीला सांगावा

३ मार्च
लागली एकदाची नोकरी! ताई नेहमी म्हणते, या भिंगरीच्या पायात कोणीतरी खिळा ठोकायला हवा. घे, ठोकला. काम म्हणजे शेवाळ पाळायचं. काचेचं घर, आत माझ्याहून उंच नळ्या, नळ्यांत हिरवंगार पाणी. खोली शेजारीच, ऊन भरपूर. याआधी गॅरेजात होते, त्याआधी बेकरीत. बेकरीवाल्याची मांजर तर... जाऊ दे, तिचं पुन्हा कधीतरी.

५ मार्च
इथल्या मालकीण मॅडमनी काम समजावलं. या पाण्यातला प्रत्येक जीव म्हणजे एकच पेशी. ना डोकं, ना नसा. पण मीठ वाढवलं, खाणं तोडलं की ती घाबरते. (घाबरते नाही, 'ताण येतो' म्हणायचं. ओरडा बसला.) मग ती एक हार्मोन सोडते. मला वाटायचं हार्मोन म्हणजे मुरुमांचं काहीतरी! ते शेजारणीला पोचतं, आणि शेजारीण चांगली सुखात असली तरी भिंत जाड करून, लाल होऊन मिटून बसते. जगते, पण हलत नाही. आम्ही तो लाल रंग विकतो. म्हणजे सुखातल्या जिवाला छळायचं. मी म्हटलं, ही तर सासूची नोकरी. मॅडम हसल्या नाहीत.

९ मार्च
ताण देऊन लाल केलेल्या नळीचा पंप बंद पडला. मी नळीला तोंड लावून पाणी ओढलं, गॅरेजात पेट्रोल काढायचे तसं. लाल पाण्याचा घोट गेला पोटात. गंजक्या खिळ्याची चव. वाटलं, आता मॅडम फाडून खाणार. त्यांनी नुसती माझी नाडी पाहिली. बराच वेळ.

१२ मार्च
तहान लागत नाही. कातडी टणक झालीय, टोचून पाहिली तर सुई वाकली. घाम येतो तो लालसर. आणि कुठे जावंसंच वाटत नाही. मला! ताई फोनवर हसली, म्हणाली सूर्य पश्चिमेला उगवला. आई गेल्यापासून तीच माझी आई. तिच्याकडे जायला हवं.

१४ मार्च
मॅडमनी माझी खाट नळ्यांच्या मध्ये आणली. पाण्याची बाटली उचलून नेली. जेवण नाही. भीती वाटली, तशी आत काहीतरी जाड झालं. जितकी घाबरते तितकी मिटत—

१५ मार्च
पळायला हवं. पाय ऐकत नाहीत. मॅडम नळीकडे बघतात तसंच माझ्याकडे—

१६ मार्च
मॅडमनी ताईला फोन केला. माझ्यासमोर, अगदी गोड आवाजात. बहीण आजारी आहे, लगेच या, एकट्याच या. मग माझ्या खाटेला लागून दुसरी खाट मांडली.
शेजारीण लागते ना. पोचतं का ते बघायला—

१७ मार्च
ताई. काचेपलीकडे. ओरडायचंय, शिवू नकोस मला— जबडा मिटलाय. हात तेवढा चालतोय. वही वर धरली. ती वाचत नाहीये. रडतेय, भिंगरे, भिंगरे करत धावत—

कपाळावर हात ठेवला तिने. माझा घाम पुसतेय पदराने, बोटांनी. तिची बोटं— नखांपासून ला