जुन्या मशीनवरचं शेवटचं नाव

७ सप्टेंबर १९८७

आज रुजू झालो. उमरेडहून सकाळच्या एसटीनं नागपूर, तिथे मोरभवन स्थानकावरून कोराडीकडे जाणारी बस. रस्ताभर पुढे कोळशाचे ट्रक आणि त्यांची धूळ आमच्या तोंडात. घरून निघताना पांढरा असलेला शर्ट उतरताना राखी झाला होता. तरी मन प्रसन्न आहे. आम्हा धकात्यांच्या घरात आजवर हातमागाशिवाय दुसऱ्या यंत्राला कोणी हात लावला नव्हता. मी थेट संगणकाला लावला.

कंपनी सुटे भाग बनवते. कॉलनी चांगली ऐसपैस आहे, स्वतःचा दवाखाना, शाळा, मेस. मला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं, मागे पेरूचं झाड. माझ्या बायकोला, पुष्पलताला, आठवा लागलाय. तिला आई नाही, त्यामुळे बाळंतपण इथेच करायचं ठरलं आहे. महिनाअखेरीस तिला घेऊन येईन.

आमचे प्रमुख यावलकर साहेब. त्यांनी काम समजावून दिलं. जुन्या मशीनचे भाग आता मिळत नाहीत, म्हणून बंगलोरहून नवी मशीन आली आहे, नव्या प्रणालीची. कॉलनीतल्या माणसागणिक जुन्या मशीनवर एक खातं आहे. पगार, रजा, क्वार्टर, दवाखाना, सगळं त्यात. एकेक खातं टेपवर उतरवायचं, टेप नव्या मशीनवर चढवायची, तिथे नीट उतरलं की जुन्यावरून पुसून टाकायचं. दिवाळीनंतर जुनी मशीन भंगारात.

११ सप्टेंबर

मशीनची खोली म्हणजे थंडगार डबा. खिडकी नाही, मधोमध काचेची भिंत. अलीकडे जुनी मशीन, पलीकडे नवी. काचेत एक फट आणि खाली ट्रे आहे, टेपा तिथून द्यायच्या. माझ्या जोडीला चंद्रभान गणवीर आहे, इंदोऱ्याचा. फार गमत्या. दुपारी त्याचा डबा उघडला की माझा हात आधी त्यात असतो. दसऱ्याला दीक्षाभूमीवर त्याच्या घरचे सगळे जातात, मलाही चल म्हणाला.

मेसमध्ये रंभाबाई वाढतात. मी कोष्टी आहे हे कळल्यावर त्यांनी विचारलं, कोष्ट्याच्या पोराले माह्या हातचा रस्सा चालन का? चालला. नाकातोंडातून पाणी आलं, पण चालला.

१७ सप्टेंबर

काम सुरू झालं. आधी हिशेब विभाग हलवला. एकही खातं बिघडलं नाही. साहेबांनी चहा पाजला.

२१ सप्टेंबर

हिशेब विभागातले जोशी रोज सकाळी फाटकापाशी नमस्कार करायचे. आज मी नमस्कार केला, ते बाजूनं निघून गेले. कालही तसंच झालं. माझ्याकडून काही चुकलं असेल तर विचारायला हवं. त्यांच्या टेबलाजवळ जाऊन उभा राहिलो, पण त्यांनी मान वर केली नाही.

मेस आणि दवाखान्याचे लोकही आज हलवले.

२३ सप्टेंबर

रंभाबाईंनी मला वाढलंच नाही. रांगेत मी मध्ये होतो. माझ्या पुढच्याला वाढलं, मागच्याला वाढलं. मी ताट पुढे केलं तर त्या पळी धुवायला वळल्या. शेवटी मी हातानंच घेतलं.

२६ सप्टेंबर

चंद्रभानला आता नव्या मशीनवर बसायचं आहे, म्हणून आज त्याचं खातं हलवलं. जुनी मशीन चालवायला एका ऑपरेटरचं नाव उघडं राहावं लागतं, ते आता एकटं माझं. साहेब म्हणाले होते की माझं खातं सगळ्यांत शेवटी. काचेपलीकडे जाताना चंद्रभान म्हणाला, "मी चाललो सासरी, भाऊ. तू बस माहेरात."

२८ सप्टेंबर

चंद्रभान काचेतून माझ्याकडे पाहत नाही. मी ट्रेमध्ये टेप ठेवतो, तो उचलतो. काचेवर टकटक केली, दोन्ही हात हलवले. त्यानं डबा उघडला आणि एकट्यानं जेवला.

गंमत करतोय असं दिवसभर स्वतःला सांगितलं. संध्याकाळी त्याच्या खांद्याला हात लावला. त्यानं खांदा खाजवला.

३० सप्टेंबर

पुष्पलताला घेऊन आलो, जुन्या मशीनवर तिचं खातं उघडलं. तिला पेरूचं झाड आवडलं. आल्या आल्या तिनं चूल पेटवली. म्हणाली, तुमी वाळून गेले. किती दिवसांनी कोणी माझ्याकडे पाहून बोललं. तिच्यासमोर रडू आलं, तिला वाटलं आनंदानं.

३ ऑक्टोबर

तिच्या पायावर सूज आहे. दवाखान्यात घेऊन गेलो. कंपाउंडर तिच्याशी बोलेना, आमच्या दोघांच्या मागे उभ्या असलेल्या बाईला त्यानं पुढे बोलावलं. पुष्पलता म्हणाली, इथली माणसं मोठी घमेंडी आहेत. तो नवीन मशीनवरचा आहे. ती अजून जुन्यावर.

५ ऑक्टोबर

सूज चेहऱ्यावर आली. तिला इंजेक्शन मिळायलाच हवं.

साहेबांसकट सगळी कॉलनी हलली होती, उरलो होतो आम्ही दोघंच. तिचं खातं हलवलं. मनात जे आलं ते मनातच दाबलं. असं कधी होत नसतं, असं म्हणालो आणि बटण दाबलं. पलीकडे चंद्रभाननं टेप चढवली. नाव जुळलं. मग मी तिला जुन्या मशीनवरून पुसलं.

घरी गेलो तर दवाखान्यातली नर्सबाई स्वतः घरी येऊन तिला तपासत होती. पुष्पलतानं स्वयंपाक करून ठेवला होता. दारात बसून राहिली, रस्त्याकडे डोळे लावून. मी तिच्या शेजारी बसलो होतो.

७ ऑक्टोबर

तिनं सगळीकडे विचारलं. ऑफिसात गेली. यावलकर साहेब तिला म्हणाले की या नावाचा माणूस आमच्याकडे नाही. मी त्यांच्या टेबलापाशी उभा होतो. ओरडलो. साहेबांनी पंखा बारीक केला.

आज मागच्या आवारात एक म्हातारा दिसला. खोक्यावर बसून बिडी ओढत होता. आजवर कसा दिसला नाही कोण जाणे. त्यानं मला हाक मारली. मला! त्याचं नाव देवराव. या मशीनच्या आधी भोकं पाडलेल्या कार्डांची मशीन होती, ती तो चालवायचा. तेव्हाही सगळ्यांची खाती इकडे हलवली, ती त्यानंच. त्याला विचारलं की हे काय चाललंय.

"काहून गा, तुले मालूम नव्हतं?" तो म्हणाला. "नाव जिथी हाये, माणूस तिथीच राह्यते. मी सारे पाठवले. मले पाठवाले कोणी उरलंच नाही."

त्याची बायको याच कॉलनीत होती. आता तिचा चेहरा आठवत नाही म्हणाला.

९ ऑक्टोबर

उमरेडला जायचं ठरवलं. बस थांबली, माझ्यापुढचा चढला आणि दार लागलं. मागे लटकलो. फाटक ओलांडलं तसे हात सुटले, कसे ते कळलं नाही, उठलो तर फाटकाच्या आतच होतो. मग वीजकेंद्राच्या राखेच्या तळ्याच्या कडेनं चालत निघालो. ऊन डोक्यावर येईस्तोवर चाललो. समोर पाटी आली, आमच्याच कॉलनीची.

१० ऑक्टोबर

चंद्रभानला चिठ्ठी लिहिली. सगळं लिहिलं आणि ट्रेमध्ये ठेवली. त्यानं कागद उचलला, दोन्ही बाजूंनी पाहिला, घडी घातली आणि हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. त्याला कोरा दिसला.

१२ ऑक्टोबर

माझं नाव टेपवर घ्यायचा प्रयत्न केला. मशीन घेत नाही. उघडं असलेलं नाव हलवता येत नाही, दुसऱ्या ऑपरेटरनं माझं हलवावं लागतं. दुसरा नाही. देवरावचं नाव टाकून पाहिलं, मशीन त्याला ओळखत नाही.

१५ ऑक्टोबर

एक वाट सापडली. चंद्रभाननं ट्रेमधून परत दिलेली पुष्पलताची टेप अजून माझ्या खणात आहे. ती उलट या मशीनवर चढवली तर ती इकडे येईल. मला पाहील. मग तिला ऑपरेटर करायचं, कोणतं बटण ते मी दाखवीन, आणि ती मला पलीकडे पाठवील—

देवरावला सांगितलं. त्यानं बिडी खोक्यावर विझवली. "अन् तिले कोन पाठवन?"

मी पाठवीन, म्हणालो.

"तू तिकडं गेल्यावर तिले दिसशीन का तू? तुले थे दिसन का?"

१६ ऑक्टोबर

टेप मशीनवर लावली. काढली. पुन्हा लावली. तिचा आवाज ऐकायचा आहे. एकदा फक्त मला पाहून बोलावं.

१८ ऑक्टोबर

घरी बसून असतो. ती दोन ताटं घेते. माझं झाकून ठेवते. मी जेवत नाही, भूक लागत नाही आता. ताट तसंच राहतं. ती सकाळी गाईला घालते.

टेप खिशात आहे.

१९ ऑक्टोबर

दुपारी कळा सुरू झाल्या. ती भिंत धरून उभी होती, मी तिला धरलं, हातात काहीच आलं नाही— रंभाबाई धावत आल्या. रिक्षा. दवाखाना. मी मागे पळत होतो. कंपाउंडरनं नाव विचारलं, मशीनला विचारलं, लगेच आत घेतलं. डॉक्टर आले, नर्स आल्या, रक्ताची बाटली आली. सगळे तिच्याभोवती. तिचं नाव घेत होते, पुष्पाबाई, पुष्पाबाई.

ती इकडे असती तर तिला कोणी हातही लावला नसता.

बाहेर आलो. टेपचं चाक मोकळं केलं. पट्टी हातभर हातभर ओढली आणि तोडली. तोडत राहिलो, तुकडे होईपर्यंत. देवराव पाहत होता. शेवटी त्यानंच काडी लावली.

२० ऑक्टोबर

मुलगी. तिचं रडणं मला ऐकू येतं. तिच्यासमोर उभा राहिलो. डोळे उघडले तिनं, पण—

२२ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. कॉलनीत दिवे. पुष्पलताची खाट दवाखान्यात, तिच्या पायाशी बसलो. ती झोपेत माझं नाव घेते. फक्त ती.

२६ ऑक्टोबर

भंगारवाले आले आहेत. वायरी सोडवताहेत. मी खुर्चीवरच आहे. त्यांच्यातला एक माझ्यातून हात घालून खुर्ची ओढतो. मी खाली बसलो, मशीनला पाठ लावून. गरम आहे अजून. देवराव दारात उभा आहे, ये म्हणतो. नाही म्हणालो.

काचेपलीकडे रंभाबाई आल्या. दवाखान्याचा कागद घेऊन. मुलीचं खातं उघडायचं. चंद्रभाननं आईचं नाव टाकलं. बापाचं विचारलं.

रंभाबाई म्हणाल्या, बाईनं सांगितलं होतं गा, दोनदा सांगितलं, वाटेत ध्यानातून गेलं.

चंद्रभान साहेबांकडे पाहतो. साहेब म्हणतात, रिकामं सोडा.

काच पिटतोय— तिनं दोनदा सांगितलं— ती सांगते अजून—

मुख्य बटणाकडे माणूस गेला. इथे तरी लिहून ठेवतो. बापाचं नाव. अनंत. अनंत नारायण धका