सूनबाईंची शिकवणी

१२ जानेवारी, सोमवार

छत्तीस वर्षं टायपिंग केलं. मिनिटाला पंचावन्न शब्द, तेही मान वर ठेवून. आणि आज सूनबाई म्हणते, "आई, तुम्हाला हात ठेवताच येत नाही."

अकॉर्डियन सूनबाईचं, शलाकाचं. ती इथेच जवळ कोयलीला रिफायनरी कॉलनीत वाढली, शाळेच्या बँडमध्ये वाजवायची. परवा माहेरून ते धूड घेऊन आली. आमचा लेक राजवर्धन कॅनडात, तिचा व्हिसा येईपर्यंत ती बडोद्यात आमच्याकडे. पोरीला करमत नसेल म्हणून मीच म्हटलं — शिकव मला. चांगुलपणा अंगाशी आला.

दोन्ही खांद्यांवर पट्टे, पेटी छातीला घट्ट. डावा पट्टा उजव्यापेक्षा आखूड हवा म्हणे. ह्यांनी पेपरातून डोकं काढलं. "शाळेत निघालीस की लष्करात?"

१३ जानेवारी

खांदे दुखतायत. आज लिहीत नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

उत्तरायणात पतंगाच्या दोऱ्याने तर्जनी कापली. सुटी मिळेल म्हणून चिकटपट्टी मुद्दाम मोठी लावली. शलाका म्हणाली, "चालो, मग आज नुसता भाता."

डाव्या हाताने भाता ओढायचा, लोटायचा. उजवा हात मांडीवर. आवाज नाही, सूर नाही — तासभर फुस्स, फुस्स. ह्यांनी विचारलं, "घरात पंप बसवलाय का?"

२ फेब्रुवारी, सोमवार

उजवा हात सुरू. मनगट वरही नको, खालीही नको. बोटं वाकलेली, तळहातात लिंबू धरल्यासारखी. माझी बोटं आपटतात. "आई, पत्र टाइप नाही करायचंय," असं तीनदा ऐकलं.

आणि अंगठा! टायपिंगमध्ये बिचारा जन्मभर फक्त दोन शब्दांत जागा सोडायचा. इथे त्याला 'सा'च्या पट्टीवर बसवलंय. बढती झेपत नाही त्याला.

"खाली बघू नका."

"मी कधीच खाली बघत नाही," मी म्हटलं. बघत होते.

शेजारचा हार्दिक जिन्यात भेटला. अगदी काळजीने विचारतो, "आंटी, घरमां कोनी तबियत खराब छे?"

९ फेब्रुवारी

चार वाजता आमची शिकवणी सुरू झाली की हे आपलं कानातलं यंत्र काढून डबीत ठेवतात. बॅटरी वाचते म्हणे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

डाव्या हाताची बटणं दिसतच नाहीत. पट्ट्याखालून हात घालायचा आणि बोटांनी चाचपडत 'सा' शोधायचा. त्या एका बटणाला बारीक खळगा असतो. मला पहिल्याच फटक्यात सापडला. शेवटी टायपिस्टची बोटं! शलाका म्हणाली, "मला शाळेत आठवडा लागला होता." संध्याकाळी या आनंदात मी सेव-उसळ केली, जरा जास्तच तिखट.

हा पराक्रम राजवर्धनला सांगायचा होता, पण त्याचा फोन आला तशी शलाका मोबाइल घेऊन गॅलरीत गेली. दोन मिनिटांत परत. व्हिसाचं विचारलं, तर म्हणाली, "नाही अजून." आणि मला पुन्हा 'सा' शोधायला लावला. दहा वेळा.

८ मार्च, रविवार

दोन्ही हात एकत्र. उजवा पळतो, डावा रुसतो, मध्येच भाता संपतो. शेवटी शलाका मागे उभी राहिली आणि माझ्या हातांवर तिने आपले हात ठेवले. चार ओळी पार पडल्या. माझ्या लेकाने कधी इतक्या धीराने मोबाइलवरचं साधं काही शिकवलं नाही मला.

आज ह्यांनी कानातलं यंत्र काढलं नव्हतं. "कुठलं गाणं ते कळलं नाही," म्हणाले, "पण गाणं आहे हे कळलं." लग्नाला अडतीस वर्षं झाली. यापेक्षा जास्त कौतुक मी मागत नाही.

१० मार्च, मंगळवार

राजवर्धनने आज माझ्या मोबाइलवर फोन केला. "आई, व्हिसा नोव्हेंबरमध्येच आलाय. ती दर वेळी नवं कारण सांगते. आता म्हणते, आईंचे हात बसल्याशिवाय कशी येऊ."

शलाकाला विचारलं. म्हणाली, "पुण्यात दोन वर्षं राहिलो आम्ही. तो वाईट नाहीये, आई. पण मी घरात असले काय, नसले काय, त्याला कळतच नाही."

मुलाची बाजू घ्यायला तोंड उघडलं. विचारलं भलतंच.

"तुला जायचंय?"

"नाही."

उद्या राजवर्धनला फोन करायचा आहे. ती नाही, मी करणार.