पुलाचा चढ आणि सात गिअर

साखळीचा एक दुवा दातात आणि दुसरा पकडीत धरून बसलो होतो, तेव्हा शालन स्वयंपाकघरातून म्हणाली, "ते तोंडातलं काढा आणि आधी माझ्या दादाला पत्र लिहा." काढलं. दुवा बसत नव्हताच. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात काळा अंगठा उमटला आहे तो ग्रीसचा आहे, काळजी करू नये.

आदरणीय हरिचंद्रदादा यांना महेंद्रचा सप्रेम जय भीम. तुमची तब्येत, वहिनींचा दमा आणि मनमाडचं पाणी, तिन्ही ठीक असावं अशी आशा आहे. (तिन्ही एकदम ठीक असल्याचं तुम्ही आजवर कधी कळवलेलं नाही, तरी विचारण्याची पद्धत आहे.) आम्ही इकडे खरवईला बरे आहोत. फोन असताना पत्र का, असं तुम्हाला वाटेल. फोनवर मी गिअर म्हटलं की तुमची रेंज जाते, हे माझ्या लक्षात आलं आहे. पत्राला रेंज लागत नाही. शिवाय तुम्ही रेल्वेत होता, लिहिलेलं शेवटपर्यंत वाचण्याची तुम्हाला सवय आहे.

हे सगळं कशासाठी चाललं आहे ते आधी सांगतो. शालनचा शिवणक्लास पश्चिमेला विहाराच्या खोलीत आहे, आम्ही पूर्वेला. इतकी वर्षं ती स्टेशनच्या पुलाचे जिने चढून पलीकडे जात होती. गुडघा दुखायला लागल्यावर डॉक्टरांनी जिने बंद केले. सायकल चालवली तर उलट चांगलं म्हणाले, फक्त चढावर पायाने जोर नको. आता पलीकडे जायला जिने नकोत तर मोठा उड्डाणपूल, आणि उड्डाणपूल म्हणजे चढच. रिक्षा जाताना मिळते, येताना तिथे कोणी थांबत नाही. विहाराच्या कमिटीने फार नम्रपणे विचारलं की बाई, जमत नसेल तर क्लासची चावी प्रीतीकडे द्यायची का. प्रीती तिचीच विद्यार्थिनी. हात चांगला आहे, पण काज अजून वाकडे करते. शालनने सोमवारी सांगते म्हटलं. चावी फ्रिजशेजारच्या खिळ्याला आहे. शालन दिवसभर त्या खिळ्यावरून जाते-येते आणि तिकडे बघत नाही. आकाश पुण्याहून म्हणतो, आई, आता बस कर, आराम कर. आराम करून ती काय करेल याचा मी विचार केला आहे. ती घरी बसेल आणि मी काय करतो ते बघेल. तेव्हा क्लास चालू राहण्यात माझाही थोडा स्वार्थ आहे. पण तो थोडाच. तिला गेल्या महिन्यात मी एकदा शिलाई मशीनसमोर नुसतं बसलेलं पाहिलं. मशीनवर कापड नव्हतं.

म्हणून उल्हासनगरहून हब मोटर आणली. ही मोटर मागच्या चाकाच्या मधोमध, चाकातच बसते; तिची बॅटरी मात्र सुटी असते, काढून घरात चार्ज करायची. मूठ पिळली की चाक आपोआप फिरतं. सिंधी दुकानदार लछमनदास म्हणाला, "साईं, आँख बंद करके ले जाओ." डोळे उघडे ठेवून आणली. सपाटीवर ती अगदी गुणी निघाली. चढावर मात्र तिचा जीव जाई. आता तुम्हाला माहीत आहे, अंबरनाथच्या कारखान्यात मी सगळी नोकरी लोखंड कातण्यात, लेथवर काढली. लेथवर जड काम आलं, मोटर दमली, की आपण काय करतो? मोटरपुढच्या डब्यातला, हेडस्टॉकचा, गिअर खाली आणतो. वेग कमी, जोर जास्त. यात विचार करण्यासारखं काही नसतं, हात आपोआप तिकडे जातो. तसा तो इथेही गेला. सात गिअरचा संच आणला आणि चाकाच्या उजव्या बाजूला, जिथे साखळी येते तिथे बसवला. विष्णुपंतांना बोलावून दाखवला. (हे माझे जुने सुपरवायझर. निवृत्तीनंतर एमआयडीसीत त्यांनी एक छोटा शेड घेतला आहे आणि तिथे आम्ही दोघं लोखंडाचे तुकडे करतो.) त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "महेंद्र, सुंदर. डोंगर चढेल." विष्णुपंतांनी माझं काम कधी नापास केलेलं नाही. कारखान्यात ते गिऱ्हाईक करायचं.

चाचणीसाठी माझ्या जोडीला शालनइतकं जादा वजन हवं होतं, म्हणजे तिच्या एकटीला गाडी हलकी जाईल. तिला वजन विचारलं. तिने एक आकडा सांगितला. त्या आकड्याचे तांदूळ मी दोन पोत्यांत भरून कॅरिअरवर बांधले आणि तिला दाखवायला बोलावलं. तिने पोत्यांकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "एवढी? एक काढा." मी काढलं. (विज्ञानाच्या दृष्टीने हे चूक होतं, पण त्या वेळी विज्ञान घराबाहेर उभं होतं.) अर्धी शालन घेऊन मी पुलावर गेलो. पाय पेडलवर नुसते ठेवले, जोर दिला नाही, कारण तिने तो द्यायचा नव्हता. चढ सुरू झाला, मोटर कण्हू लागली. मी शांतपणे खालचा गिअर टाकला. काही झालं नाही. आणखी खालचा टाकला. मोटर तशीच कण्हत होती. सर्वांत खालच्या गिअरला ती बंद पडली. चाकाला हात लावून पाहिला तर त्यावर चपाती भाजली असती. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याने विचारलं, "काका, तांदूळ उतरवायचा की विकायचा?" मी पुलाच्या कठड्याला टेकून मोटर थंड व्हायची वाट बघत बसलो आणि चाकाकडे बघत राहिलो. आणि मग दिसलं.

लेथमध्ये आधी मोटर, मग गिअर, मग काम. इथे आधी पाय, मग साखळी, मग गिअर, आणि सगळ्यात शेवटी चाक. मोटर त्या चाकातच बसलेली. तिच्यापुढे रस्ता सोडून काही नाही. मी सात गिअर लावले होते ते पायांना, जे काही करणारच नव्हते. मोटरला त्या गिअरांची बातमीही नव्हती. आयुष्यभर लेथवर राहिलेल्या माणसालाच ही चूक करता येते. ज्याने कधी लेथ पाहिला नाही तो बिचारा सरळ विचार करतो. घरी आल्यावर शालनने विचारलं, "चढली?" मी म्हटलं, "अर्धी." ती म्हणाली, "मी अर्धीच होते ना."

विष्णुपंतांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मला तेव्हाच शंका आली होती." आम्ही ठरवलं की मोटर चाकातून काढायची आणि सायकलच्या मध्ये, सीटच्या दांड्यामागे आडवी बसवायची. म्हणजे पेडलची साखळी मोटरवर येईल, मोटरवरून दुसरी साखळी मागच्या चाकाच्या गिअरवर जाईल. आता मोटर आधी आणि गिअर नंतर. लेथसारखंच. यासाठी मोटरच्या अंगावर दोन दातेरी चकत्या बसवाव्या लागतात, एक पेडलकडची आणि एक चाकाकडची. पेडलकडच्या बाजूला लछमनदासने फ्रीव्हील दिलं होतं, तेच ते कटकट वाजणारं, जे एका बाजूला धरतं आणि दुसऱ्या बाजूला मोकळं फिरतं. मला ते पसंत पडलं नाही. हलत होतं. (मशीनवर एखादी गोष्ट हलली की मला रात्री झोप येत नाही.) मी ते परत केलं आणि अंबरनाथच्या शेडमध्ये भक्कम पोलादी चकती करून पक्की बसवली. केसाइतकीही हलत नव्हती. विष्णुपंत म्हणाले, "आता कोण म्हणेल हे सायकलचं काम आहे?"

चाचणी त्यांनीच घ्यायचं ठरवलं. सोसायटीच्या आवारात बायका संध्याकाळच्या बसल्या होत्या. विष्णुपंत बसले, टोपी नीट केली आणि मूठ पिळली. चकती पक्की असल्यामुळे मोटर फिरली की पेडलही फिरणार, हे तेव्हा कळलं. ते साधे फिरले नाहीत, मिक्सरसारखे फिरले. एक पेडल नडगीवर बसल्यावर विष्णुपंतांनी दोन्ही पाय वर उचलले आणि तसेच, पाय हवेत धरून, अत्यंत गंभीर चेहऱ्याने आवाराला फेऱ्या मारू लागले. मूठ सोडायचं त्यांना सुचलं नाही. मी "मूठ सोडा" म्हणून मागे धावत होतो. ते म्हणत होते, "सोडली तर पडेन." एका परीने खरं होतं. शेवटी पाण्याच्या टँकरच्या जाड पाइपवर चाक अडकलं आणि ते अलगद टँकरवाल्याच्या अंगावर गेले. उठल्यावर म्हणाले, "गाडी उत्तम आहे. फक्त पायांची व्यवस्था बघ." शालनने त्यांच्या नडगीला हळद लावली आणि मला म्हणाली, "अहो, मला क्लासला जायचं आहे, सर्कशीला नाही."

लछमनदासकडे परत गेलो. त्याने मला बघताच गल्ल्याखालून तेच फ्रीव्हील काढून काचेवर ठेवलं. "साईं, संभालके रखा था. मालूम था आप आओगे." मी म्हटलं, हलतं फार. तो म्हणाला, "हिलता है इसलिए तो चलता है." मी पैसे मोजले. ते बसवल्यावर पाय मोकळे झाले. पेडल मारावं तर चाक फिरतं, मोटर लावावी तर पाय स्वस्थ राहतात.

काल सकाळी पुन्हा पुलावर गेलो. या वेळी दोन्ही पोती बांधली. शालन दळणाला गेली होती. पहिल्या, म्हणजे सर्वांत खालच्या, गिअरवर मूठ पिळली. दादा, मोटर कण्हली नाही. ती हळूच आणि एका सुरात गात वर गेली. वेग फार नव्हता. भाजीची पिशवी घेतलेले एक गृहस्थ माझ्या बरोबरीने चालत होते, त्यांच्याशी मी वांगणीला जागेचे भाव काय आहेत यावर बोलत गेलो आणि माथ्यावर ते माझ्या आधी पोचले. पण पोचलो. वर उभं राहून मी मोटरला हात लावला. कोमट होती. घरी येऊन शालनला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पोती उतरवायला मदत केली आणि म्हणाली, "तांदूळ चढला. मी नाही." मग चहा ठेवायला गेली.

बाकी विशेष काही नाही. ढिली झालेली साखळी आज एका दुव्याने आखूड करतो आहे, तेवढंच काम उरलं आहे. वहिनींना जय भीम सांगावा, मुलांना आशीर्वाद.

आपला,
महेंद्र

ता.क. एक राहिलं. शालन बसायला तयार नाही असं नाही. तिची एक अट आहे. लहानपणी मनमाडला रेल्वेच्या मैदानावर तुम्ही तिला सायकल शिकवलीत, कॅरिअर धरून मागे धावत होता, असं ती सांगते. तिचं म्हणणं, दादा आला आणि त्याने मागून धरलं तर मी पुलावर चढेन, या दोघांच्या भरवशावर नाही. (दोघे म्हणजे मी आणि विष्णुपंत.) तुमचं वय आणि पुलाची लांबी दोन्ही मला माहीत आहेत. तुम्ही धावायचं नाही. नुसता हात लावायचा, मागे मी विष्णुपंतांना रिक्षा घेऊन ठेवतो, दम लागला तर त्यात बसायचं. तिला मागे बघता येत नाही, मान आखडते. कमिटीला सांगते म्हणून तिने वेळ मागून घेतला, तो सोमवार उद्याच आहे. तिला मी आणखी चार दिवस मागून घ्यायला सांगेन. एवढ्यासाठीच हे पत्र होतं. वरचं सगळं नाही वाचलंत तरी चालेल.

ता.क. दुसरा. वरचं काल संध्याकाळी लिहून पाकीट उघडं ठेवलं होतं, रात्री साखळीही जोडून टाकली. आज सकाळी उठलो तर खिळ्यावर चावी नव्हती आणि शालन घरात नव्हती. चावी द्यायला गेली असं समजून मी ओट्याशी उभा राहिलो. ओट्यावर सायकलची बॅटरी चार्जिंगला लावलेली होती, तिचा हिरवा दिवा लागला होता. खाली जाऊन पाहिलं. सायकल नव्हती. थोड्या वेळाने फोन आला. विहारातून बोलत होती, मागे मुलींचा आणि मशीनचा आवाज होता. म्हणाली, "पहिल्या गिअरवर टाकली आणि आले. गुडघ्याला काही कळलंसुद्धा नाही. मोटर छान आहे हो, अजिबात आवाज करत नाही. माझी मोठी कात्री राहिली आहे, घेऊन या." मी बरं म्हटलं. कात्री घेऊन निघालो आहे, बॅटरी घरीच ठेवली आहे; ती पूल आपल्या पायांनी आणि गिअरांवर चढली, हे तिला सांगणार नाही. पत्र स्टेशनजवळच्या पेटीत टाकतो. तुम्ही यायची गरज नाही, पण या.