उंबऱ्यावरचे पितळी माप ताब्यात न देण्याबाबत

प्रति,
मा. मार्गदर्शन अधिकारी,
नवउद्योजक साहाय्य कक्ष (पश्चिम उपनगरे),
अंधेरी (पूर्व), मुंबई.

अर्जदार : सौ. रत्नप्रभा नंदू घाडीगावकर, वय ५७, राहणार कांदिवली (पूर्व).

विषय : मसाल्याचा धंदा विकला असला तरी सासूबाईंचे माप खरेदीदारास देणार नसल्याबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र, दि. १० नोव्हेंबर २०२५.
२) आपले शिबिरातले भाषण, जे अर्जदाराला अद्याप पाठ आहे.

महोदय,

१. अर्जात 'मी, मी' करू नये, 'अर्जदार' असे लिहावे, हे आपणच शिबिरात शिकवले होते. आपला हा एकच सल्ला आजवर अर्जदाराच्या अंगाशी आलेला नाही, म्हणून तो येथे पाळला आहे.

२. अर्जदार बावीस वर्षे घरी मालवणी मसाला करून विकत होती. गेल्या वर्षी पती नंदू यांना मिरचीच्या ठसक्याने धाप लागू लागली. मिरची किंवा नवरा, घरात एकच काय ते ठेवा, असे डॉक्टरांनी सांगितले. मुलगा हर्षद विम्याच्या कचेरीत आहे, त्याला मसाल्यात रस नाही. म्हणून धंदा विकायचे ठरले. विकण्याची ही पहिलीच वेळ, तेव्हा कुणा जाणत्याला विचारावे म्हणून अर्जदार आपल्या दोन दिवसांच्या शिबिरास आली. तेथे आपण फळ्यासमोर उभे राहून म्हणालात, "ताई, तुमच्यावाचून अडतो तो धंदा नव्हे, ती नोकरी. सगळं लिहून काढा. परक्या माणसालाही उद्यापासून चालवता आला पाहिजे." सर्वांनी टाळ्या वाजवल्या. अर्जदारानेही वाजवल्या, याची तिला आज लाज वाटते.

३. त्याच शिबिरात दुसऱ्या रांगेत मुलुंडचे श्री. देवव्रत साठ्ये बसले होते. नोकरी सोडून नुकतेच धंद्यात पडू पाहणारे, वय तेहेतीस, हातात सारखा मोबाइल. त्यांनीच अर्जदाराचा धंदा मार्च महिन्यात विकत घेतला. करारनामा आपल्या कक्षाच्या छापील नमुन्यावर झाला आणि साक्षीदार म्हणून आपली सही आहे. कलम सहा म्हणते की धंद्यात वापरलेली सर्व यंत्रे, भांडी व मापे खरेदीदाराची होतील. कलम अकरा म्हणते की वाद झाल्यास निर्णय कक्ष देईल. ही दोन्ही कलमे आपण इतक्या भरभर वाचलीत की अर्जदाराला वाटले, त्यांत ऐकण्यासारखे काही नसावे.

४. अर्जदाराने एकशे चाळीस पानांची वही लिहून दिली. मिरची दहा किलो, काट्यावर तोलून. धणे चार मापे. खसखस अर्धे माप. कढई, काटा, पाकिटे बंद करायचे यंत्र, सगळे टेम्पोत चढवून दिले. पितळी माप तेवढे रोजच्या सवयीने घासून देवघरात ठेवले. बावीस वर्षे ते सकाळी देवघरातून निघे आणि संध्याकाळी देवघरात परत जाई, त्यामुळे ते धंद्याचे भांडे आहे असे अर्जदाराच्या कधी मनातच आले नाही. ही चूक अर्जदाराची आहे. ती तिने आपल्यासमोर, श्री. साठ्ये यांच्यासमोर आणि आपल्या शिपायासमोरही कबूल केली आहे. आणखी कुणासमोर करायची असल्यास नावे कळवावीत.

५. पुढे झाले ते असे. श्री. साठ्ये यांनी बाजारातून नवे कोरे माप आणले आणि वहीबरहुकूम पहिला घाणा केला. मसाला फिका झाला, नुसता धण्याचा वास. जुनी गिऱ्हाईके अर्जदाराच्या दारात येऊन बोलून गेली. श्री. साठ्ये यांनी फोन केला, "मावशी, गुपित तुमच्याकडेच ठेवलंत ना?" अर्जदाराने आयुष्यात कुणाला खडा मिसळून मिरची विकली नाही, तिला हे ऐकावे लागले. त्या रात्री तिला जेवण गेले नाही. सकाळी तिने शेजारून काटा आणला आणि दोन्ही मापांनी धणे तोलून पाहिले. देवघरातले माप जवळजवळ अष्टमांशाने कमी भरते, कारण त्याला एका बाजूने खोल पोचा आहे. अर्जदाराने तत्काळ वहीतल्या प्रत्येक मापाचे वजन काढून कळवले. मे महिन्यातला घाणा उत्तम झाला, हे श्री. साठ्ये यांनी लेखी मान्य केले आहे.

६. येथे वाद संपायला हवा होता. परंतु दिवाळीच्या जाहिरातीसाठी श्री. साठ्ये यांना ते माप हवे झाले. आजीचे माप म्हणून त्याचा फोटो पाकिटावर छापायचा आणि माप दुकानाच्या काचेत ठेवायचे. आजी त्यांची नव्हे. अर्जदाराने नकार देताच त्यांना कलम सहा आठवले आणि आपल्याला कलम अकरा. आपण अर्जदारास समोर बसवून समजावलेत, "ताई, धंद्यात भावना आणू नका." अर्जदार विनयपूर्वक विचारू इच्छिते की मग पाकिटावर आजी कशासाठी आणायची?

७. त्या पोच्याची हकीकत आपण विचारली नाहीत, तरी ती नोंदीवर असावी. अर्जदार एकतीस वर्षांपूर्वी लग्न होऊन चाळीतल्या खोलीत आली तेव्हा उंबऱ्यावर तांदूळ भरून हेच माप ठेवले होते. नव्या सुनेने ते उजव्या पायाने हलकेच कलंडून आत यायचे असते. अर्जदार घाबरलेली होती, पाय जोरात लागला. माप उडाले, लोखंडी खाटेच्या पायावर आदळले, तांदूळ मोरीपर्यंत गेले. सारी माणसे सासूबाईंकडे पाहू लागली. सासूबाई म्हणाल्या, "पाय लावूक सांगितलंय गो, लाथ मारूक न्हय." मग त्याच आधी हसल्या. पुढे पोचा काढायला माप तांबटाकडे न्यावे, असे अर्जदाराने सुचवले तेव्हा त्या म्हणाल्या, "ऱ्हवांदे. तू इलंस, तेची खूण आसा ती." तेव्हा मसाल्याचे जे गुपित श्री. साठ्ये यांना हवे होते, ते म्हणजे अर्जदाराचा उजवा पाय. तो कलम सहामध्ये बसत असल्यास तसे लेखी कळवावे.

८. येत्या ३० नोव्हेंबरला हर्षदचे लग्न आहे. सून श्रुतिका, दहिसरची. तिने याच मापावरून घरात यावे, ही मरताना सासूबाईंची इच्छा होती आणि अर्जदाराचीही आहे. हे सांगितल्यावर आपण पत्रात काय लिहिता, तर माप सात दिवसांत जमा करावे, आणि विवाहविधीसाठी कक्षाकडील एक लिटरचे प्रमाणित माप अनामत भरल्यास एका दिवसाकरिता मिळू शकेल. हे वाचून नंदू यांना हसता हसता पुन्हा धाप लागली. अर्जदाराला हसू आले नाही. तिला संताप आला, तो अजून आहे.

९. पुढच्या शिबिरात आपण पुन्हा नव्या माणसांना सल्ला देणार आहातच. त्यांना एवढे अर्जदाराच्या नावाने सांगावे : सही करण्याच्या आदल्या दिवशी घरभर फिरा, संध्याकाळी जे धुऊन देवापाशी ठेवता ते यादीतून स्वतःच्या हाताने काढा, आणि कलमे वाचणारा माणूस भरभर वाचू लागला की त्याला थांबवा. अर्जदाराला हे कुणी सांगितले नाही. सांगणे आपले काम होते, त्याचा पगार आपण घेता.

१०. सबब, माप दिले जाणार नाही. करार मोडल्याबद्दल जी कारवाई करायची ती खुशाल करावी. जप्तीच करायची असल्यास ३० तारखेला संध्याकाळी सहा वाजता पंच घेऊन यावे, माप तेव्हा देवघरात नसेल, उंबऱ्यावर असेल. श्रुतिका अर्जदाराहून धीट आहे. पाय लावायचा, लाथ मारायची नाही, असे अर्जदार तिला समजावून सांगणार होती. परंतु आपण उंबऱ्याच्या आतल्या बाजूस उभे राहणार असाल, तर अर्जदार तिला काहीही सांगणार नाही.

या अर्जापुरती तरी नम्र,

(सही)
सौ. रत्नप्रभा नंदू घाडीगावकर
कांदिवली (पूर्व), दि. १४ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) वजनांचा तक्ता व मसाला उत्तम झाल्याबद्दल श्री. साठ्ये यांच्या पत्राची प्रत.
२) मापाचा फोटो, पोचा दिसेल अशा बाजूने. पाकिटावर छापू नये.
३) लग्नपत्रिका. आहेर आणू नये, प्रमाणित माप तर मुळीच आणू नये.