बाबांच्या नावाचा घास

आईला मंजुळाचा नाशिकहून सलाम.

माझं नर्सिंगचं शिक्षण नीट चाललंय, काळजी करू नको. तुझा गुडघा कसाय?

घरमालकीण मार्थामावशी पाच पिढ्यांच्या ख्रिस्ती. परवा त्यांनी नवऱ्याच्या कबरीवर झेंडू वाहिला, मेणबत्ती लावली. मी म्हटलं, आमचे पास्टर याला पाप म्हणतात. बाबा गेल्यावर त्यांच्या नावाचा घासही ठेवू दिला नाही. मावशी चिडल्याच. "आपल्या माणसाला विसरा, असं येशू कधी म्हणाला गं?"

तुला सांगितलं नव्हतं, बाबा माझ्या स्वप्नात रिकामी ताटली घेऊन यायचे. काल आले तर हात ओले, नुकते धुतलेले. म्हणाले, "पोटभर जेवलो. नागलीची भाकर होती."

आई, मी पास्टरांना सांगणार नाही. बाबांना कोणी वाढलं?

तुझीच,
मंजुळा