लेम्युएलने न घेतलेलं नाव

हार्लोज फेरी, सप्टेंबर १७८७

प्रिय लेम्युएल,

सकाळी नदीवर धुकं उतरलं की पलीकडचा काठ दिसेनासा होतो, आणि मला वाटतं, तू तिथेच होडी बांधत असशील. नऊ वर्षं झाली, तरी वाटतं. टेम्परन्स म्हणते, आमचे न्यायाधीशमहाशय हल्ली डोळे उघडे ठेवून झोपतात. मी बायकोचं ऐकून घेतो.

तुझी सफरचंदाची बाग यंदा लगडली आहे. राज्याने जप्त करून ती ज्याला विकली तो माणूस भला आहे, पण छाटणीत त्याला गती नाही. मी कुंपणाबाहेरूनच बघतो.

लोक मला मान देतात. राज्याची घटना लिहिणाऱ्यांत मी होतो ना! पण स्वप्नात सभागृह कधी येत नाही. तुझा गोठा येतो. गवताच्या उबेत तो दाढी पिकलेला इंग्रज शिपाई तापाने फणफणलाय, बायकोला हाका मारतोय. त्याचं डोकं तुझ्या मांडीवर. आणि काढ्याचा पेला माझ्या हातात.

तो सापडला, आणि तू आरोपी म्हणून माझ्यासमोर उभा राहिलास. इंग्रजांशी युद्ध चालू असताना शत्रूला आसरा देणाऱ्याला हद्दपारी, असा कायदा मीच लिहिला होता. सोबत कोण होतं, हे न्यायाधीशाने विचारायचं असतं. मी विचारलं.

"मी एकटाच होतो," तू म्हणालास. मग मी शिक्षेचा कागद हाती घेतल्यावर, फक्त मला ऐकू येईल असं, "असाहेल, वर बघून वाच."

मी कागदावरून नजर काढली नाही.

काल विधानसभेत हद्दपार लोकांना परत घ्यायचं का, यावर वाद झाला. एकजण ओरडला, असल्या गद्दारांची बाजू घेणारा इथे आहे तरी कोण? मी उठलो. गोठ्यातलं सगळं सांगितलं, काढ्यासकट. मग न्यायासन सोडल्याचा कागद अध्यक्षांपुढे ठेवला. जुने मित्र दुसऱ्या दाराने बाहेर गेले. ठराव मात्र सात मतांच्या फरकाने मंजूर झाला. तुझ्यावरची बंदी उठली, लेम्युएल; हेच कळवायला लिहितोय. बाग परत मिळवून देणं माझ्या हातात नाही. यायचं की नाही, तुझं तू ठरव. आलास तर माझ्या घरी उतरायलाच हवं असं नाही. तू गावात आहेस, एवढं कळलं तरी मला पुरे.

तुझाच,
असाहेल