पन्न्याचं खरं नाव

ती. सगुणाअक्कास, धाकट्या झुंबरचा गंगापूर रोडवरून वाकून नमस्कार. गुडघा काय म्हणतो? फोनच केला असता, पण तुझा फोन कायम स्पीकरवर, म्हणजे अर्ध्या मालेगावला बातमी. म्हणून कागद.

काविळीत माझी भूक मेली, तेव्हा तू पंधरा दिवस राहून मला खाऊ घातलंस आणि जाताना स्वतःचा पन्ना माझ्या बोटात घातलास (भाऊजींनी जातीने पारखलेला!). तेव्हापासून मी भाकऱ्या नुसत्या चेपतोय. आता तोच पन्ना तुझ्या वेदिकाच्या साखरपुड्यात जावईबापूंना घालायचा, म्हणून माप बघायला तू त्यांनाच, हर्षलरावांना, माझ्याकडे धाडलंस. अगं बाई, ते कॉलेजात दगडच शिकवतात, हे विसरलीस?

त्यांनी खडा उजेडात धरला, मला विचारून कडेला सुरीचं टोक ओढलं. चरा उठला! म्हणाले, "मामा, हा पन्ना नाही, अ‍ॅपेटाइट आहे." मी म्हटलं, "तर हो! ह्यानेच तर आलं!" (मी इंग्रजीतल्या भुकेचं बोलत होतो, ते दगडाचं. बराच वेळ दोघांचं छान जमलं.) आमच्या कलाने तेवढ्यात त्यांच्या ताटात भाकरी वाढली.

मग उलगडा झाला. फॉस्फेटच्या खनिजांचं हे एक खानदानच आहे म्हणे. कधी पन्ना म्हणून खपायचं, कधी दुसरंच काही. जाणकारही फसायचे, म्हणून 'फसवणे' या ग्रीक शब्दावरून नाव पडलं अ‍ॅपेटाइट. जावयाला खोटा खडा, आता मोडतंय लग्न! मी हात जोडले, तर हे हसतायत. "मामा, आपल्या दातांत, हाडांतही हेच असतं. खोटं कसलं? नुसतं नाव बदनाम. मला हीच अंगठी घाला." अक्का, पोरगा सोनं आहे गं! वेदिकाने नशीब काढलं.

पण अंगठी गेली की माझी भूकही जाणार. तेव्हा रागाव हवं तर, मी ती देणार नाही. त्यांना दुसरी कर.

तुझा हट्टी,
झुंबर

ता. क. भाऊजींसमोर पन्नाच म्हण. त्यांची पारख दुखावेल.

ता. क. दुसरा. कला म्हणते, हर्षलराव परत गेल्यापासून अंगठी देव्हाऱ्यातच पडून आहे, आणि काल मी तू शिकवलेल्या ठेच्याशी चार भाकऱ्या हाणल्या. म्हणजे मलाही फसवलंनच की मेलीने! घेऊन जा. फक्त न्यायला तूच ये, आणि पंधरा दिवस राहा.